राखून ठेवलेले घोडे

अधिक महिना आला की आमच्या ब्रह्माघाटच्या गल्लीत आधी तुपाचा वास येतो आणि मग कुणीतरी पंचांग उघडून खात्री करतं. भिजवलेल्या तांदळाचा आंबूस वास, त्यात गूळ, त्यावर खसखस, आणि उघड्या खिडकीतून गल्लीत उतरणारा कढईतल्या तुपाचा दरवळ. मराठी घरं आता थोडी उरली आहेत, पण जावई सगळ्यांकडे आहेत, आणि जावयाला अनारसे द्यायचे तर याच महिन्यात. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. म्हणजे बाहेर लूची गरम झळ वाहते, घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी पाय ठेवता येत नाही, गंगा आत आत सरकलेली असते, आणि ठेल्यांवरचा लंगडा आंबा दिसायला हिरवा पण वासाने पिकलेला असतो.

हा महिना मला लहानपणापासून आवडतो. वर्षाच्या मापात न बसलेले दिवस गोळा करून केलेला महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, गृहप्रवेश नाही. नवं काही सुरू करायचं नाही. दान द्यायचं, नदीत बुडी मारायची, आणि पायांत बळ असेल तर पंचक्रोशी चालायची. लोकांना या महिन्यात देव आठवतो. मला डिझेलचा धूर आठवतो. काळा, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा. इतक्या वर्षांनीही तो माझ्या नाकातून गेलेला नाही, आणि जायलाही नको.

तोही अधिक ज्येष्ठच होता. मी नुकताच बी.ए. झालो होतो. पौरोहित्य करणार नाही असं घरात सांगून बसलो होतो आणि दुसरं काय करणार हे सांगता येत नव्हतं. वडील लवकर गेले, त्यामुळे घर भाऊकाकांच्या शब्दावर चालायचं. काका तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची राहण्याजेवण्याची, श्राद्धाची, यात्रेची सोय ते करत. अधिक महिन्यात आमच्याकडे वाई, सातारा, नाशिककडची माणसं उतरत, कारण काशीची पंचक्रोशी या महिन्यात केली तर पुण्य जास्त. शहराभोवतीची ती वाट अनवाणी चालायची, वाटेत पाच ठिकाणी मुक्काम. धडधाकट माणसं चालत. त्यांच्या वळकट्या, शिधा, कोळसा, पिंपाएवढी पातेली आणि गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या आमच्या गाडीतून पुढच्या मुक्कामाला जात.

ती गाडी काकांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला बनारसमध्ये डाला म्हणतात, पण ही साध्या डाल्यांची आजी शोभली असती. लांब नाक, माझ्या कमरेला लागणारी चाकं, दार लावलं की शेजारच्या घरातलं पोर दचकून उठायचं. काकू तिला हत्तीण म्हणायची. अंग हत्तिणीचं होतं, पण जोर शेळीचा. जुनं पेट्रोल इंजिन दमेकऱ्यासारखं धापायचं. वरुणा नदीच्या काठावरचा चढ आला की म्हाताऱ्यांना उतरवायचं आणि यजमानांनी मागून ढकलायचं. पुण्य करायला आलेल्या माणसांना घामाघूम होऊन गाडी ढकलताना बघून काका रस्त्याकडे पाठ करून उभे राहत.

या हत्तिणीची ताकद वाढवायची, हे डोक्यात आलं जिजाजींच्या. जिजाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, विनायक. मराठीत भावोजी म्हणायला हवं, पण बनारसच्या हवेत आम्ही सगळे जिजाजीच म्हणायचो. ते मूळचे नागपूरचे, इथे रेल्वेच्या कारखान्यात डिझेल इंजिनांवर काम करत. गोरे, उंच, आणि बोलायला लागले की थांबत नसत. थापा म्हणाव्यात तर थापा नव्हत्या, आणि सगळं खरं म्हणावं तर जेवण लांबत असे.

"इंजिन आजारी पडलं ना, की साहेब आधी मला विचारतात," ते पानावर बसून सांगत. "मी नुसता कान लावतो. कुठल्या सिलिंडरला खोकला झालाय ते सांगतो."

"जावईबापू, आमटी निवतेय," काका म्हणत.

"काका, तुमच्या या हत्तिणीत मी घोडे घालून दाखवतो. दुप्पट घोडे."

"आधी भात घाला पोटात."

ताई वाढता वाढता मला डोळ्यांनी खुणावायची, हसू नकोस म्हणून. तिला नवऱ्याचं बोलणं आवडायचं आणि त्याची लाजही वाटायची. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. माहेर गल्लीच्या या टोकाला आणि नवरा माहेरच्या हसण्याचा विषय, हे सांभाळणं सोपं नसतं, हे मला खूप उशिरा कळलं.

पण जिजाजी नुसते बोलून थांबले नाहीत. एका उलटलेल्या लॉरीचं डिझेल इंजिन त्यांनी शोधून काढलं. काकांना त्यांनी काय पटवलं कोण जाणे, पण एक दिवस काका जेवताना म्हणाले, "यात्रेत गाडी नीट चालली तर लहरतारा रस्त्यावरची आपली जागा तुम्हाला वापरायला देतो. करा तुमचा कारखाना." जिजाजींचा घास हातातच राहिला. पेट्रोल महाग होत चाललं होतं, जो तो आपल्या गाडीत डिझेल इंजिन बसवू पाहत होता. नोकरी सोडून त्यांना तेच करायचं होतं. ताई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "गाडी नीट चालली तर सोडा नोकरी. माझी ना नाही." तेव्हा त्या यात्रेवर काय काय अवलंबून होतं, हे मला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या वैशाखाइतका सुंदर वैशाख मला पुन्हा मिळाला नाही. लहरताऱ्याच्या त्या जागेत एक जुना कडुलिंब होता. त्याच्या फांदीला साखळदंडाची कप्पी टांगून आम्ही जुनं इंजिन वर काढलं. ते हवेत हळूहळू फिरत होतं आणि वरून लिंबोळ्या त्याच्यावर टपटप पडत होत्या. जिजाजी सुट्टीच्या दिवशी सकाळपासून आणि एरवी ड्यूटी संपली की यायचे. गमछा ओला करून डोक्याला गुंडाळायचा आणि गाडीखाली शिरायचं. खालून त्यांचा आवाज यायचा, कधी हातोडीचा, कधी नाट्यपदाचा. मी बाहेर बसून हत्यारं पुढे करायचो. ताई दुपारी डब्यात सत्तूचे लाडू, कैरीचा पना आणि कांदा घेऊन यायची, आणि तेलाने काळ्या झालेल्या हातांनी त्यांनी कशाला हात लावू नये म्हणून स्वतः घास भरवायची. मला बघून म्हणायची, "तू तोंड फिरव रे तिकडे."

ताकद वाढवणं म्हणजे मोठं इंजिन आत ठेवलं की झालं, असं मला वाटे. जिजाजी तसं करत नव्हते. आधी त्यांनी पुढच्या कमानींना जादा पाती घातली, कारण नवं इंजिन जड होतं. मग ट्रकचा मोठा रेडिएटर बसवला. मग ब्रेक. मग मागच्या चाकांच्या आसाकडे बघत बसले. मी कंटाळून विचारलं, "जिजाजी, घोडे केव्हा येणार?"

"बाबूराव," ते मला उगाचच बाबूराव म्हणायचे, "घोडे आणायला वेळ लागत नाही. तबेला बांधायला लागतो."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा कडुलिंबातले पोपट उडाले. माझ्या छातीत ते धडधडलं. जिजाजींनी डोळे मिटून ऐकलं, डिझेलच्या पंपाकडे वाकले, आणि पंपाच्या अंगाला असलेला एक पेच हलक्या हाताने आत-बाहेर करत राहिले. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळेल, ते त्या पेचावर ठरतं. शेवटी एका जागी थांबून त्यांनी तो पक्का केला, त्याला तार बांधली आणि तारेवर शिशाचा गोळा दाबला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"थोडे घोडे मागे राखून ठेवलेत. पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, अजून अंग मोकळं व्हायचंय. दोन यात्रा होऊ देत, मग सोडू बाकीचे."

ते काम अमावास्येच्या आदल्या दिवशी संपलं. संपवावंच लागलं, कारण अमावास्येनंतर अधिक महिना लागणार होता आणि मलमासात नवं काही करायचं नाही हा काकांचा नियम लोखंडालाही लागू होता. "आता इंजिनाला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "तेल घाला, पाणी घाला. बाकी महिना संपेपर्यंत काही नाही."

मग वाण झालं. जिजाजींना पाटावर बसवलं, औक्षण केलं, ताम्हनात तेहतीस अनारसे आणि दिवा देऊन काकांनी त्यांना नमस्कार केला. एरवी त्यांना टोमणे मारणारे काका त्या दिवशी त्यांना नारायण मानून वाकले, आणि बडबडे जिजाजी अवघडून गप्प बसले. काकूचे काही अनारसे तुपात हसले होते, विरघळून त्यांचा चुरा झाला होता. तो चुरा ताईने आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून खाल्ला. ती म्हणाली, "कारखाना झाला ना, की पहिली पाटी तू रंगव. तुझं अक्षर चांगलं आहे." मी कबूल केलं.

जिजाजींना रजा मिळाली नाही. यात्रेला गाडी मीच घेऊन निघालो.

पंचक्रोशीची ती वाट अजून माझ्या पायांना आठवते, जरी मी ती चाललो नाही. पहाटे निघायचं. वाटेवर आमराया, विहिरींवर रहाट, धर्मशाळांच्या ओसऱ्यांवर आधीच्या यात्रेकरूंच्या चुलींची राख. हौद्यात म्हाताऱ्या पातेल्यांना टेकून बसायच्या आणि विष्णुसहस्रनाम म्हणायच्या. गचका बसला की एखादं नाम दोनदा व्हायचं. गाडी छान चालत होती. ढकलावी लागत नव्हती. वाईच्या एक आजी म्हणाल्या, "बाळ, तुझी गाडी आता नवरीसारखी चालते." मला त्यातही कमीपणा वाटला. नवरीसारखी का? मला तिला वारूसारखी चालवायची होती. माझ्या पायाखाली घोडे होते आणि त्यांतले काही तारेने बांधून ठेवलेले होते, हे मला सहन होत नव्हतं. तरुणपणी शिल्लक ठेवलेली कुठलीही गोष्ट वाया गेल्यासारखी वाटते.

भीमचंडीच्या मुक्कामावर मी काकांना एक प्रश्न विचारला. ते संध्या आटोपून बसले होते.

"काका, अमावास्येच्या आधी सुरू केलेलं काम अपुरं राहिलं असेल, तर मलमासात पुरं करावं का?"

मी कधी नव्हे ते शास्त्र विचारतोय म्हणून काकांना आनंद झाला. त्यांना वाटलं, मी गुपचूप एखादं अनुष्ठान आरंभलं आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुरू केलेलं पुरं करावं. मध्येच सोडणं हा दोष. नवं आरंभू नये एवढंच."

झालं. घोडे घालणं वैशाखात सुरू झालं होतं आणि ते पुरं झालं नव्हतं. शास्त्राची परवानगी माझ्या खिशात आली. आमच्यासारख्या घरातल्या मुलालाच असलं सुचू शकतं. दुसऱ्या कुणी पेच नुसता फिरवला असता. मी आधी धर्मशास्त्र विचारून घेतलं.

रामेश्वरच्या मुक्कामाहून निघताना, माणसं वरुणेत स्नानाला गेली असताना, मी तार तोडली, शिशाचा गोळा पाण्यात टाकला आणि पेच पूर्ण एक फेरा, वर आणखी थोडा, फिरवला.

खोटं कशाला लिहू? त्यानंतरची वाट माझ्या आयुष्यातल्या अत्यंत आनंदाच्या वाटांपैकी एक आहे. हत्तीण उधळली. पायाचा अंगठा दाबावा आणि तिने मान उडवावी. मागे काळ्या धुराचा लोट उठत होता, म्हाताऱ्या पदर नाकाला लावून खोकत होत्या, आणि मी गात होतो. शिवपूरचा मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी चालणारी माणसं पहाटेच पुढे गेली. उन्हं चढली. कपिलधारेच्या अलीकडे चढ लागला आणि मी तिला पूर्ण जोरात वर घेतली. अर्ध्यावर आवाज बदलला. लोखंडाच्या आत कुणीतरी दार ठोठावत होतं. मला वाटलं, वर पोहोचू दे, मग बघू. मग एकदम काहीच ऐकू येईना. गाडी अंगाला झटका देऊन थांबली, आणि जळक्या तेलाच्या वासात फक्त आजींचं सहस्रनाम चालू राहिलं.

पुढे कपिलधारेला चालून दमलेली माणसं जेवणासाठी ताटकळली होती. भांडी, शिधा, कोळसा सगळं माझ्यापाशी. म्हाताऱ्यांना बाभळीच्या विरळ सावलीत बसवलं. काका उन्हातून उलट चालत आले, अनवाणी. यजमान उपाशी, आणि तेही यात्रेच्या अखेरच्या टप्प्यावर. त्यांचा चेहरा मी पाहिला तेव्हा खरं बोलण्याचं माझं धैर्य संपलं.

"काय झालं?"

"इंजिन जाम झालं."

"मलमासात कुणी हात लावला होता त्याला?"

मी म्हणालो, "इंजिन जिजाजींनीच बसवलंय."

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला इतकी वर्षं टोचत राहिलं. खोटं बोललो असतो तर कधीतरी पकडला गेलो असतो. काकांनी माझ्या खऱ्या वाक्यातून हवा तो अर्थ काढला आणि मी तो काढू दिला.

निरोप जाऊन जिजाजी सायकलवरून येईपर्यंत मी पेच मागे फिरवून जागेवर आणला होता आणि त्याला तार गुंडाळून, शिशाचा गोळा नाही हे दिसू नये म्हणून वर काळं तेल फासलं होतं. ते आले, गाडीला न बोलता एक फेरी मारली, पाणी पाहिलं, तेल पाहिलं, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "उघडून बघतो," ते म्हणाले. "मला उघडून बघू द्या, काका. मी सगळं नीट बसवलं होतं."

"आता तिला कुणी हात लावायचा नाही," काका म्हणाले. ट्रॅक्टरने ओढून ती तशीच भंगारवाल्याकडे गेली. आतलं कुणीच पाहिलं नाही.

घरी ताईसमोर जिजाजी पुन्हा म्हणाले, "मी खरंच नीट बसवलं होतं गं." माझ्या देखत. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पुरे आता. नोकरी आहे, ती नीट करा."

लहरताऱ्याची जागा काकांनी दुसऱ्याला भाड्याने दिली. जिजाजी रेल्वेतूनच निवृत्त झाले. मी बँकेत चिकटलो, लग्न केलं, मुलं झाली. आमच्यात कधी दुरावा आला नाही, उलट ते माझ्यावर माया करत राहिले. माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन त्यांनी रामनगरची रामलीला दाखवली. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून "बाबूराव, प्लग बदल" म्हणायचे, पण स्वतः कधी हत्यार हातात घ्यायचे नाहीत. मिस्त्रीचा पत्ता द्यायचे. हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नसेल. कारण लोकांसमोर ते हत्तिणीची गोष्ट आपल्या पद्धतीने सांगायला लागले होते. "इतके घोडे घातले मी तिच्यात, की लोखंडालाच झेपले नाहीत." लोक हसत. दर अधिक महिन्यात पाटावर बसून ते ही गोष्ट सांगत आणि दर वेळी घोडे वाढत. मी हसण्यात सामील व्हायचो. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की ती बढाई नव्हतीच. ज्याला आपलं काय चुकलं हे कधीच कळलं नाही, त्याने त्या न कळण्यावर घातलेलं ते पांघरूण होतं. रेल्वेची एवढाली इंजिनं ज्यांच्या हाताखालून गेली, त्यांना स्वतःच्या हातांविषयी शंका होती, आणि ती माझ्यामुळे होती.

कारखाना झाला असता तर चालला असता का, मला माहीत नाही. कदाचित वर्षभरात बुडाला असता. त्यांना बोलण्यात फार रस होता. पण मग ते बुडणं तरी त्यांचं स्वतःचं असतं.

काका, काकू गेले. त्या यात्रेतले यजमान गेले. जिजाजींना हसलेली बरीच माणसं गेली. उरलेल्यांसाठी मी हे लिहितो आहे. पण लिहिण्याआधी एक गोष्ट करायची होती, आणि ती परवा झाली. ठरवून नव्हे.

ताई-जिजाजींनी निवृत्तीनंतर शिवपूरकडे छोटं घर बांधलं. परवा तिथे नातजावयाला वाण होतं. त्यांचा नातजावई अनूप शीतगृहाचा धंदा करतो, बटाट्याची पोती वाहायला त्याने नवा दणकट पिकअप घेतलाय. ती गाडी दारातच उभी होती. पानावर बसल्यावर अनूप सांगू लागला, "नानाजी, आता लॅपटॉप जोडून पॉवर वाढवतात. इंजिन उघडायलाही लागत नाही. वीस-पंचवीस घोडे आरामात वाढतात."

जिजाजींचे डोळे चमकले. "घोडे? अरे, घोडे मी घातले होते. त्या हत्तिणीत. इतके, की लोखंडालाच..."

अनूपने माझ्याकडे पाहून हळूच डोळा मारला. त्यानेही ही गोष्ट ऐकलेली होती. आणि मी, जो दर वेळी हसत आलो होतो, मला हसता आलं नाही.

"जिजाजी, पेच मी फिरवला होता," मी म्हणालो.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला. इंजिनांनी त्यांचा एक कान नेला आहे.

आयुष्यभर जे मला पुटपुटायलाही जमलं नव्हतं, ते ओरडून सांगावं लागलं. "पंपाचा पेच. हत्तिणीच्या. रामेश्वरला मी फिरवला होता. म्हणून गेलं इंजिन."

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता जिजाजी रागावतील. त्यांनी विचारलं, "किती?"

"एक फेरा. वर थोडा."

"चढावर पूर्ण जोरात घेतलीस?"

"हो."

"धूर?"

"काळा. सगळ्या वाटेभर."

"पण तार तर जागेवर होती. मी पाहिली होती."

"तुम्ही यायच्या आधी मी पेच परत फिरवला. तार गुंडाळली."

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं हवेत एक पेच फिरवत होती, सावकाश, पूर्ण एक फेरा आणि वर थोडा. मग बोटं थांबली.

"मग पिस्टन वितळणारच," ते स्वतःशीच म्हणाले. "कुठल्याही इंजिनाचा वितळला असता. माझं काही..."

ताई दारात येऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे तुमच्या कामात चूक नव्हती."

अनूप वाट बघत होता, आता जिजाजी एखादं लांबलचक वाक्य टाकतील म्हणून. मीही बघत होतो.

"नव्हती," जिजाजी म्हणाले. एवढंच.

ताई त्यांच्याजवळ आली, वाकली आणि त्यांच्या पानावर तूप वाढलं. भरपूर. मग माझ्या पानापाशी थांबली, आणि तुपाचं भांडं घेऊन तशीच आत गेली. तिने मला त्या दिवशी काहीच वाढलं नाही. तिच्या मुलीने वाढलं, खाली मान घालून. जिजाजींनी माझ्या मांडीवर थापटलं. "जेव रे बाबूराव. उपाशी माणसाला शिव्या द्यायला मजा येत नाही." पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

जेवण झाल्यावर ते उठले आणि अनूपला म्हणाले, "चल, दाखव तुझं इंजिन. लॅपटॉप राहू दे. आधी मी बघतो." भिंतीला धरत ते बाहेर गेले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचं बोलणं, जुनं, न थांबणारं.

मी ओसरीवर एकटा बसलो होतो. आतून ताई आली. तिच्या हातात जिजाजींचा चष्मा होता. तिने तो माझ्यासमोर धरला, अजूनही माझ्याकडे न बघता.

"हा नेऊन दे त्यांना," ती म्हणाली. "बारीक दिसत नाही त्यांना. आणि तू तिथे कशाला हात लावू नकोस."